एकमत सोपं, फाटाफूट अवघड

सोशल मीडियावरच्या ध्रुवीकरणाची चर्चा निघाली की माणसांची मतं कशी बदलतात याची जी गणिती मॉडेल्स पुढे केली जातात, त्यांची मुळं इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहेत. १९५६मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन फ्रेंच यांनी कोणाचा कोणावर प्रभाव आहे याचे बाण काढले आणि प्रत्येकाचं मत त्या बाणांनुसार सरकू दिलं. १९६४मध्ये रॉबर्ट एबेलसन यांनी अशाच कल्पनेची समीकरणं मांडली आणि ते अडले. सगळे एकमेकांशी जोडलेले असले की उत्तर एकच: एकमत. प्रत्यक्षात तर समाजात दोन तट दिसतात. मग तसं चित्र निघावं म्हणून गृहीत तरी काय धरायचं? पुढचं बरंचसं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरत राहिलं.

सर्वांत प्रसिद्ध मॉडेल मॉरिस डीग्रूट यांचं, १९७४चं. ते सांख्यिकीतले, समाजाचं वर्णन करायला निघालेच नव्हते. तज्ज्ञांच्या गटाने एका अंदाजावर कसं यावं, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यांच्या मॉडेलमध्ये दर फेरीत प्रत्येकजण सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी काढून आपला आकडा बदलतो; ज्याला जेवढं महत्त्व, तेवढं त्याच्या अंदाजाला वजन. समजा, एकाचा अंदाज २० आणि दुसऱ्याचा ८०. पहिला दोघांनाही सारखं वजन देतो. दुसरा स्वतःला पाऊण आणि पहिल्याला पाव. एका फेरीनंतर आकडे ५० आणि ६५, पुढच्या फेरीत ५७.५ आणि ६१.२५, आणि शेवटी दोघंही ६० वर. म्हणजे मधोमध नाही. जो कमी ऐकतो त्याच्याकडे झुकून. माझ्या मते या मॉडेलची खरी कमाई हीच.

फाटाफूट आणण्यासाठी मग हट्टीपणा आला. फ्रीडकिन आणि जॉन्सन यांच्या १९९०च्या मॉडेलमध्ये माणूस मूळ मत पुरतं सोडत नाही. २०००मध्ये देफ्युआं आणि सहकाऱ्यांनी, तर २००२मध्ये हेगसेलमान आणि क्राउसे यांनी वेगळी अट घातली: मतातलं अंतर ठरावीक मर्यादेत असेल तरच ऐकायचं. देफ्युआंच्या मॉडेलमध्ये ही मर्यादा मतांच्या पूर्ण पट्टीच्या निम्मी ठेवली की एकच गट उरतो, पाचव्या भागाएवढी केली की साधारण दोन. एबेलसनना हवे होते ते तट मिळाले खरे, पण तेही कागदावर.

मोजमाप मात्र मागेच राहिलं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरोधी बाजूचे संदेश दाखवले गेले. रिपब्लिकन मंडळी जवळ येण्याऐवजी आणखी उजवीकडे सरकली. सरासरी काढणाऱ्या कुठल्याच मॉडेलमध्ये हे बसत नाही. त्यासाठी दूर ढकलणारं, म्हणजे उणे वजन लागतं.