कर्ज, ऑफिसचा लॅपटॉप आणि सिक्युरिटी क्लिअरन्स : आमच्या अशिलांसाठी माहिती

अमेरिकी संरक्षण खात्याची कंत्राटं असलेल्या कंपन्यांत नोकरी करणारी बरीच मराठी मंडळी नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदाच क्लिअरन्सचा, म्हणजे सरकारी गुप्त माहिती हाताळण्याच्या परवानगीचा, अर्ज भरतात. 'किती डॉलर कर्ज असलं की नाकारतात?' हा त्यांचा हमखास प्रश्न. असा आकडा नियमांत कुठेच नाही.

8 जून 2017 पासून लागू असलेल्या क्लिअरन्सच्या नियमावलीत 13 कलमं आहेत. पैशाचं कलम 'एफ', संगणकाचं 'एम'. सरकारला कर्जाची धास्ती का, ते एका उदाहरणावरून कळेल. सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स पैशाच्या ओढाताणीत असताना 1985 मध्ये सोव्हिएत वकिलातीत गेला आणि 50,000 डॉलरच्या बदल्यात त्याने गुपितं विकायला सुरुवात केली. 1994 मध्ये तो पकडला गेला.

म्हणून अधिकारी बघतात ते हे : कर्ज का झालं आणि झाल्यावर तुम्ही काय केलंत. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, घटस्फोट झाला, कुणी तुमच्या नावावर परस्पर कर्ज काढलं, ही कारणं नियमावलीच मान्य करते. पण त्या काळातही तुम्ही सावकारांशी बोलत होतात, जमेल तेवढे हप्ते भरत होतात, हे कागदावर दिसलं पाहिजे. दिवाळखोरी जाहीर केली म्हणून दार आपोआप बंद होत नाही. टॅक्स रिटर्न भरायचंच राहून गेलं असेल, तर ते मात्र फार जड जातं. आधी ते भरा, थकबाकीचे हप्ते ठरवून घ्या, मग बाकीचं.

आपल्या लोकांची गफलत होते ती जामीनकीत. एस.एफ. 86 या क्लिअरन्सच्या अर्जात स्वतःच्या कर्जाबरोबरच, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असलेली कर्जंही विचारतात. चुलतभावाच्या कर्जाला साताऱ्याच्या पतसंस्थेत सही केली होती आणि त्याने हप्ते थकवले, तर 'ते तर गावाकडचं' म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ते दिसणार नाही, पण प्रश्न तुम्हाला विचारलेला आहे. भारतातली बँक खाती आणि जमीनजुमला यांचे रकाने वेगळे आहेत, तेही भरावे लागतात. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आमचं स्पष्ट मत : थकलेलं कर्ज समजावून सांगता येतं, लपवलेलं कर्ज सावरणं फार कठीण.

संगणकाच्या बाबतीत गेल्या सात वर्षांतलं विचारतात. परवानगी नसलेल्या यंत्रणेत शिरणं, बंदी असताना पेनड्राइव्ह लावणं, कामाच्या फाइली घरच्या ईमेलवर पाठवणं, समज देऊनही तीच ढिलाई चालू ठेवणं, हे सगळं 'एम' कलमात येतं. चूक किरकोळ होती, केवळ काम लवकर उरकावं म्हणून झाली होती, किंवा अनवधानाने झाली आणि तुम्ही लगेच वरिष्ठांना कळवलं, तर ती तुमच्या बाजूने धरली जाते. सहकाऱ्याचा पासवर्ड वापरणं मात्र अनेकांना किरकोळ वाटतं. तसं समजू नका.

क्लिअरन्स मिळाल्यावरही तपासणी थांबत नाही; क्रेडिट रिपोर्टवर आता सतत नजर असते.

कंत्राटी कंपनीतल्या कर्मचाऱ्याला आक्षेपांचं पत्र आलं, तर लेखी उत्तराला 20 दिवस मिळतात. प्रत्येक आक्षेप कबूल की नाकबूल ते लिहावं लागतं, आणि न्यायाधीशांसमोर सुनावणी हवी असेल तर तेही तिथेच मागावं लागतं. शंका उरली तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूने सोडवतात, म्हणजे पुरावा तुम्हालाच द्यायचा असतो. घाबरून पत्र आठवडाभर कपाटात ठेवू नका, त्याच दिवशी आम्हाला फोन करा.

भेटीला येताना इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांनी बनवलेले तुमचे क्रेडिट रिपोर्ट आणा, ते फुकट मिळतात. सोबत टॅक्सची कागदपत्रं, हप्ते भरल्याच्या पावत्या, ऑफिसकडून मिळालेली समजपत्रं आणि भारतात कुणाला जामीन राहिला असाल तर त्याचे कागद. मराठीतले कागद तसेच आणा, भाषांतराचं आम्ही बघू.