कुणीच न वाजवलेला गंधार

दादरच्या आमच्या घरात दोन वाद्यं एकाच कोपऱ्यात उभी असतात: आईचा मिरजेचा तानपुरा आणि भाच्याची इलेक्ट्रिक गिटार. परवा पावसानं लोकल ठप्प झाल्या, भाचा घरीच अडकला आणि त्यानं माझ्या कानाला हेडफोन लावले. काही गिटारी एकच स्वर धरून खडखडत होत्या. चाल नाही, आलाप नाही. दोन मिनिटांनी हेडफोन काढणार, तोच वरच्या अंगाला कुणीतरी गायला लागलं.

"कोण गातंय रे?"

"कुणीच नाही, मामा."

ती रचना म्हणजे ऱ्हीस चॅटम या अमेरिकन संगीतकाराची १९७७ सालची 'गिटार ट्रायो'. तिच्यात गाणारं खरंच कुणी नाही.

भाच्यानं लगेच प्रात्यक्षिक दाखवलं. गिटारची सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ८२.४ वेळा कंप पावते. पण ती फक्त अख्खी हलत नाही. त्याच वेळी अर्ध्यात, तिसऱ्या हिश्शात, पाचव्या हिश्शातही हलत असते. तिपटीला २४७, पाचपटीला ४१२ कंपनं. त्यानं चौथ्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) किंचित अलीकडे तारेला बोट नुसतं टेकवलं, तार छेडली आणि बोट उचललं. जाड तारेतून काचेसारखा बारीक स्वर निघाला. ती तार 'सा' धरली, तर तिपटीचा स्वर पंचम आणि पाचपटीचा गंधार.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हा तर आमचा स्वयंभू गंधार!"

तानपुऱ्यात गंधाराची तार नसते, तरी सुरात लावलेल्या तानपुऱ्यातून तो ऐकू येतो. रुंद घोडीवर तारेखाली सरकवलेलं सूत, म्हणजे जवारीची करामत, वरच्या स्वरांना धार देते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणेच्या या घोडीवर लिहिलं होतं. साध्या तारेवर जो अंश, म्हणजे हिश्शाहिश्शानं हलण्यातून निघणारा वरचा स्वर, जिथे स्थिर असतो, नेमकं तिथे छेडलं तर तो अंश उमटू नये. इथे मात्र तो ठणठणीत उमटतो, हे त्यांचं निरीक्षण. गिटारला जवारी नाही. तिथे हे काम डिस्टॉर्शन करतं: अ‍ॅम्प लाटेचे शेंडे छाटतो आणि त्या छाटणीतून नवे वरचे स्वर जन्मतात. इतकंच नाही, ८२.४ आणि १२३.६ हे दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या वजाबाकीचा ४१.२चा खर्जही उगवतो, जो कुठल्याच तारेवर नसतो.

आईचं 'आमचा' म्हणणं अगदीच घरगुती अभिमानाचं नव्हतं. चॅटम तरुणपणी पियानो सुरात लावून देत असे आणि एकच स्वर लांब धरून ठेवणाऱ्या ला माँट यंग या अमेरिकन संगीतकाराकडे शिकला. यंग हे पंडित प्राणनाथांचे शिष्य, म्हणजे भीमसेन जोशींच्याच किराणा घराण्यातले! मग १९७६मध्ये चॅटमनं न्यूयॉर्कच्या एका क्लबात रॅमोन्स हा पंक-रॉक बँड ऐकला आणि यंगचा धरलेला स्वर व रॉकची गिटार या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या.

पुढे गिटारींची संख्या वाढत गेली. चॅटमनंच १९८९मध्ये १०० गिटारींसाठी लिहिलं. ग्लेन ब्रँका या दुसऱ्या अमेरिकन संगीतकाराची १०० गिटारींची सिम्फनी जून २००१मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायथ्याशी वाजली. २००५मध्ये चॅटमच्याच एका रचनेसाठी पॅरिसच्या साक्रे-कर चर्चमध्ये ४०० गिटारी जमल्या. तीच रचना २००८मध्ये न्यूयॉर्कला उघड्यावर ठरली होती, पण पाऊस आला. विजेची वाद्यं आणि पाऊस! ती २००९मध्ये झाली.

एवढ्या गिटारी कशाला? मोठ्या आवाजासाठी म्हणाल, तर सौदा महागाचा आहे. एकीच्या शंभर केल्या की २० डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज जेमतेम चौपट वाटतो. खरा फायदा वेगळाच. शंभर जण कधीच काटेकोर एका सुरात, एका क्षणी वाजवत नाहीत. ४४० आणि ४४१ कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजले की आवाज सेकंदाला एकदा हेलकावतो. असे हजारो हेलकावे मिसळले की नखीचा एकेक आघात विरघळतो आणि उरतो फक्त ढग. गिरगावात विसर्जनाला चौथ्या मजल्यावरून ढोल-ताशाचं पथक ऐकलं असेल, तर हे सांगावं लागणार नाही.

रात्री आईनं तानपुरा काढला. तिचा सा काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा), म्हणजे नेमका त्या गिटारीचा गंधार. पेटीची काळी चार ४१५.३ला लागते, तारेचा गंधार ४१२ला. भाच्यानं परत बोट टेकवलं. आईनं मान हलवली, "पेटी चढी आहे," म्हणाली आणि तानपुऱ्याचे मणी सरकवायला घेतले.