बंदुकीचे भाग : निर्मितिपद्धती आणि गुणवत्ता

बंदूक, रायफल किंवा पिस्तूल यांचा एखादा भाग कोणत्या रीतीने तयार केला, यावर त्याचे बळ, मापातील अचूकपणा आणि आयुष्य बऱ्याच अंशी ठरते. ७.६२ मिमी. रायफलीत गोळी सुटताना कोठीतील, म्हणजे काडतूस बसते त्या जागेतील, दाब वातावरणाच्या जवळजवळ चार हजार पट होतो आणि तो धक्का कोठी मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या लहानशा दात्यांना हजारो वेळा सोसावा लागतो. अशा भागातील दोष बहुधा धातूच्या पोटात दडलेला असल्यामुळे, वरून गुळगुळीत आणि मापात चोख दिसणारा भागही कच्चा असू शकतो.

घडाईत तापवलेला पोलादाचा तुकडा डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, ठेवून घणाच्या किंवा प्रेसच्या दाबाने त्याला आकार देतात. या दाबाने धातूतील तंतूंसारखी रचना भागाच्या वळणाबरोबर वळते. विदर्भातील सुतार वखराचे वाकडे लाकूड सरळ फळीतून कापून काढण्याऐवजी वाढतानाच वाकलेली बाभळीची फांदी निवडतो, त्यामागचे कारण हेच आहे. घडवलेला भाग मधोमध कापून, घासून आम्लात बुडवला की या वळलेल्या रेषा नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. याउलट, सळईतून यंत्रावर कोरून काढलेल्या भागात त्या रेषा कोपऱ्यांवर तुटतात. भाग जाड असल्यास त्याने फारसे बिघडत नाही, मात्र बारीक मानेच्या भागात भेग तेथूनच सुरू होते.

अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंनाही हे लागू आहे. एआर-१५ या अमेरिकी जातीच्या रायफलींचे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट व इतर यंत्रणा ज्यात बसते तो सांगाडा, सामान्यतः ७०७५-टी६ या मिश्रधातूच्या घडाईतून बनवतात. नागपूरचा या धातूशी जुना संबंध आहे. १९६६ मध्ये उभारलेल्या अंबाझरी आयुध निर्माणीत तोफगोळ्यांच्या कवचांबरोबर अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंचे कामही होते आणि वाडी येथे अ‍ॅल्युमिनियमला वाहिलेली जवाहरलाल नेहरू संशोधन संस्था आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा त्यांपैकी यंत्र इंडिया लिमिटेडचे मुख्यालय अंबाझरीलाच आले. रायफली मात्र इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली येथे बनत आल्या आहेत.

ओतकामाबद्दल सरसकट वाईट बोलले जाते, ते बरोबर नाही. वाळूच्या साच्यातील ओतकामात वायूची पोकळी, म्हणजे कारखान्यातल्या भाषेत ब्लोहोल, राहण्याची भीती असते, हे खरे. परंतु बस्तरचे ढोकरा कारागीर वापरतात त्या मेण-साच्याच्या, म्हणजे मेणाचा नमुना वितळवून त्याच्या पोकळीत धातू ओतण्याच्या, तत्त्वावर चालणारे आधुनिक ओतकाम पुष्कळ विश्वासार्ह आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील रूगर कंपनीने आपल्या अनेक शस्त्रांच्या चौकटी याच पद्धतीने बनवल्या. ओतीव भागात घडाईचे तंतू नसल्याने आराखड्यात धातूची जाडी थोडी वाढवून ती उणीव भरून काढतात. धातूची भुकटी बंधकात मिसळून साच्यात दाबायची आणि नंतर भट्टीत तापवून घट्ट करायची, ही आणखी नवी पद्धत. तीत भाग सुमारे एक-पंचमांश आकसतो. हे आकसणे सारखे झाले नाही तर माप चुकते आणि उरलेल्या सूक्ष्म छिद्रांमुळे धक्के सोसणारा भाग तडकतो.

पत्रा ठोकून भाग काढण्याची पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यावर हात बसायला वेळ लागतो. सोव्हिएत एके-४७ चा सुरुवातीचा पत्र्याचा रिसीव्हर इतक्या प्रमाणात नापास होऊ लागला की काही वर्षे तो पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावा लागला. पत्र्याचा हलका रिसीव्हर १९५९ च्या एकेएम या सुधारित रायफलीमध्ये परत आला.

तरीही सर्वांत मोठा घात उष्णोपचारात, म्हणजे धातू तापवून थंड करत त्याला कणखर करण्याच्या कामात, होतो, कारण पद्धत कोणतीही असो, तापमान चुकले की सारी मेहनत वाया जाते. लोहार भट्टी सावलीत ठेवतो, ती केवळ उन्हाच्या त्रासापायी नव्हे. लोखंडाचा रंग पाहून पाणी द्यायचे, तर तो रंग नीट दिसला पाहिजे. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात एम१९०३ रायफलींचे रिसीव्हर अनुभवी कामगार रंगावरूनच पारखत. ऊन असलेल्या दिवशी तोच तापलेला रंग फिका दिसे आणि पोलाद प्रत्यक्षात शेकडो अंश अधिक तापे. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्यावर चौकशी झाली, तापमापक यंत्रे आली आणि १९१८ मध्ये उपचाराची रीत बदलली. साधारण ८,००,००० च्या खालच्या क्रमांकांच्या रायफली आजही संशयास्पद मानल्या जातात. जळालेले पोलाद हातोडीच्या घावाने काचेसारखे फुटत असे.

नळीच्या बाबतीत प्रश्न आतल्या ताणांचा असतो. गोळीला फिरकी देणाऱ्या पेचदार खाचा कापून काढल्या तर धातूत ताण कमी राहतो, मात्र वेळ फार लागतो. खाचांचा आकार असलेले कठीण धातूचे घट्ट बटण नळीतून ओढून, किंवा नळी आतल्या साच्यावर गार स्थितीत ठोकून खाचा उमटवल्या की काम भरभर होते आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण अडकून राहिलेला ताण तापवून सोडवला नाही तर नळी गरम होताच किंचित वाकते आणि नेम सरकतो.

तयार भागांची परीक्षा दोन अंगांनी घेतात. चुंबकीय कणांच्या तपासणीत भाग चुंबकित करून त्यावर लोहकण सोडतात, तेव्हा भेगेच्या जागी कणांची बारीक रेघ जमते. दुसऱ्या परीक्षेत नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस झाडून भाग टिकतो का ते पाहतात; बर्मिंगहॅमचे अशा चाचणीचे केंद्र १८१३ पासून चालू आहे. मात्र ही चाचणी भाग त्या दिवशी टिकला एवढेच सांगते. धातूच्या थकव्याने, म्हणजे वारंवारच्या धक्क्यांनी, वाढणारी भेग पुढच्या हजारो फेऱ्यांत उघडी पडते, म्हणून बोल्टचे दाते ठरावीक फेऱ्यांनंतर काढून पुन्हा तपासावे लागतात.