पार्श्वभूमी : कायद्यातला ‘व्यसनी’ आणि संसदेची नजर

अमली पदार्थांवर संसदेत चर्चा निघाली की ‘व्यसनी हा रुग्ण आहे, गुन्हेगार नव्हे’ हे वाक्य कोणीतरी उच्चारतेच. सत्ताधारी बाकांवरून येते, विरोधी बाकांवरूनही येते. मात्र ते कायद्यात कुठे बसते हे शोधायला अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा एनडीपीएस कायदा उघडावा, तर व्याख्यांच्या कलमात अगदी पहिला शब्द भेटतो ‘ॲडिक्ट’. यादी इंग्रजी अकारविल्हे आहे म्हणून तो पहिला. पण या शब्दाने जेवढा घोळ घातला तेवढा त्या कायद्यातल्या दुसऱ्या कुठल्या शब्दाने घातला नसेल. म्हणून या टिपणात त्याला जास्त जागा दिली आहे.

भारतातल्या नशेच्या पदार्थांची संसदीय चौकशी जुनी आहे, फक्त ती संसद लंडनची होती. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उठलेल्या प्रश्नांमुळे दोन आयोग नेमले गेले, एक गांजा-भांगेवर आणि दुसरा अफूवर. गांजावरच्या आयोगाने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीची गरज नाही असा निष्कर्ष काढला. अफूचा महसूल सरकारला हवाच होता. पुढे १९३० चा घातक औषधांचा कायदा आला, स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेचे कलम ४७ आले, १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला. या सगळ्या काळात व्यसन लागलेल्या माणसाचा विचार झाला तो मुख्यतः परवाना आणि अबकारी यांच्या हिशेबात.

खरी सुरुवात १९८५ ची. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचे विधेयक २३ ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले आणि १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. मधले दिवस मोजले तर चोवीस. १४ नोव्हेंबरला कायदा लागू झाला. विधेयके तपासणाऱ्या, खात्यांशी जोडलेल्या संसदीय स्थायी समित्या तेव्हा नव्हत्याच, त्या १९९३ मध्ये आल्या. त्यामुळे दहा वर्षांची किमान शिक्षा सांगणारा हा कायदा कोणत्याही समितीपुढे डॉक्टर, समाजसेवक किंवा रुग्णाचे घरचे यांची साक्ष न होता मंजूर झाला. पुढच्या अनेक गोष्टींचे मूळ या घाईत आहे असे मला वाटते.

त्या वर्षांतली मुंबई आठवून पाहा. गर्द, म्हणजे भेसळीचे हेरॉइन, नुकते शहरात शिरले होते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तिच्यावर चिमटीभर तपकिरी भुकटी, खाली काडी, तोंडात कागदाची नळी, आणि चांदीवरून पळणारा धूर ओढत राहायचा. पुडी संपली की काही तासांत ‘टर्की’. नाक वाहते, पोटात मुरडा येतो, हाडे ठणकतात, झोप लागत नाही. या माणसाच्या खिशात पोलिसांना काय सापडणार? पुडीच. कायद्यात ‘अल्प प्रमाण’ नावाची एक सवलत होती. तेवढाच माल जवळ असेल आणि तो स्वतःपुरता आहे हे आरोपीने सिद्ध केले, तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. हेरॉइनसाठी हे अल्प प्रमाण ठरले २५० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा चौथा भाग. रोज गर्द ओढणारा माणूस दिवसभराची सोय जवळ बाळगत असेल तर तेवढ्यावरच तो ही रेषा ओलांडून दहा वर्षांच्या कलमात जाऊ शकत होता. विक्रेता आणि व्यसनी यांच्यातला फरक इतक्या बारीक वजनावर टांगला गेला.

याच काळात वर्तमानपत्रांनी मराठीला ‘गर्दुल्ला’ हा शब्द दिला. आजही पुलाखाली, स्टेशनबाहेर, चोरीच्या बातमीत तो सर्रास छापला जातो. गर्दुल्ला म्हटले की त्या माणसाला घर नाही, आई नाही, आजार नाही, फक्त उपद्रव आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या एका व्यसनमुक्ती केंद्राने नेमकी उलट वाट धरली आणि दाखल झालेल्यांना ‘रुग्णमित्र’ म्हणायला सुरुवात केली. एकाच माणसाला एकाच दशकात मराठीने ही दोन नावे दिली. पैकी पहिले बातमीत रुजले आणि दुसरे केंद्राच्या भिंतीआड राहिले.

आता मूळ शब्दाकडे. १९८५ च्या व्याख्येत ॲडिक्ट म्हणजे ‘अमली पदार्थाचे ॲडिक्शन असलेला’. व्याख्येने काहीच सांगितले नाही, शब्दच उलटा करून ठेवला. जागतिक आरोग्याच्या क्षेत्रात तर हा शब्द आधीच मागे पडू लागला होता. १९६४ मध्येच तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ‘ॲडिक्शन’ आणि ‘सवय’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून ‘डिपेंडन्स’ वापरावा असे सुचवले होते. कारण साधे होते. ॲडिक्शन म्हटले की स्वभाव, चारित्र्य, कमजोरी यांचा वास येतो. डिपेंडन्स ही शरीराची आणि मनाची तपासता येण्याजोगी अवस्था आहे.

मराठीची गंमत अशी की आपल्याकडे दोन्ही शब्द होते. ‘व्यसनी’ म्हणजे ज्याला व्यसन आहे तो, दारूचे, जुगाराचे, चहाचे, कशाचेही. या शब्दात दोष सरळ माणसाकडे जातो. ‘व्यसनाधीन’ मधला ‘अधीन’ मात्र डिपेंडन्सच्या फार जवळ आहे. ज्याच्या हातात आता स्वतःचा लगाम उरलेला नाही, तो अधीन. पुस्तकी ‘अवलंबित्व’ पेक्षा हा शब्द मला जास्त खरा वाटतो, कारण केंद्रात बसलेली कोणतीही बायको आपल्या नवऱ्याबद्दल हेच सांगते : तो नको म्हणतो, आणि तरी जातो.

१९८९ मध्ये कायद्यात पहिली मोठी दुरुस्ती झाली. तिने दोन विरुद्ध दिशांना पावले टाकली. एकीकडे काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास फाशी सक्तीची झाली. (२०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती काढली, तीन वर्षांनी संसदेने कायद्यातही तसा बदल केला.) दुसरीकडे कलम ६४-अ आले. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीवर सेवनाबद्दल खटला चालणार नाही, असा त्याचा आशय. कायद्यात रुग्णासाठी उघडलेले हे पहिले ठळक दार.

पण या दाराला अटी आहेत. उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच हवेत आणि पूर्ण व्हायला हवेत. अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येते. या आजारात उपचार अर्धवट सुटणे, ‘स्लिप’ होणे म्हणजे पुन्हा नशेकडे घसरणे, उपचारांना पुन्हा परत येणे हे नेहमीचे आहे. मधुमेहाच्या रुग्णाने एकदा लाडू खाल्ला म्हणून कोणी त्याच्यावर खटला भरत नाही. शिवाय हे कलम ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते ठाऊकच नसते. मुलाला दाखल करायला आलेले वडील नाव-पत्ता लिहितात, आजाराची माहिती लिहितात, आणि पेन खाली ठेवण्याआधी आवाज खाली आणून विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, हे पोलिसांकडे तर जात नाही ना?’’ दार उघडून तीन दशके उलटली तरी उंबऱ्यावर हाच प्रश्न.

२००१ ची दुरुस्ती सगळ्यांत महत्त्वाची. मोठ्या तस्कराला कडक आणि व्यसनीला सौम्य शिक्षा व्हावी हा तिचा जाहीर हेतू होता. प्रमाणे बदलली. हेरॉइनचे अल्प प्रमाण २५० मिलिग्रॅमवरून ५ ग्रॅम झाले, व्यापारी प्रमाण, म्हणजे जिथून तस्करासाठीची कडक शिक्षा सुरू होते ते, २५० ग्रॅम ठरले, गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो. या दोहोंच्या मधला एक टप्पाही निर्माण झाला. अनेक जण यामुळे दहा वर्षांच्या सावटातून बाहेर आले, याचे श्रेय त्या दुरुस्तीला द्यायलाच हवे. तिनेच व्याख्याही बदलली. ॲडिक्ट म्हणजे आता ‘डिपेंडन्स असलेली व्यक्ती’.

आणि इथेच तिढा पडला. व्याख्या वैद्यकाची झाली, शब्द मात्र जुनाच राहिला. कलम २७ ही राहिले, ज्यात नुसते सेवन हाच गुन्हा आहे. म्हणजे कायदा एका कलमात म्हणतो की या माणसाचे शरीर त्या पदार्थाच्या अधीन झाले आहे, आणि दुसऱ्या कलमात म्हणतो की तो पदार्थ घेतल्याबद्दल याला शिक्षा करा. अधीनता आहे की नाही हे ठरवणार कोण, हाही प्रश्न आहेच. पहिल्यांदा गाठ पडते पोलिसांशी, डॉक्टर नंतर येतो. त्यातून एक विचित्र प्रकार घडतो. कधीतरी चिलीम ओढणारा विद्यार्थी ‘ॲडिक्ट’ नाही, म्हणून त्याला ६४-अ चा आधार नाही, आणि आधार हवा तर त्याने आपण अधीन आहोत हे कबूल करायचे. ज्या शब्दाने समाजात नाव जाते तोच शब्द कोर्टात वाचवतो.

संसदेच्या समित्यांनी हा तिढा सोडवायला नको होता का? इथे सरकारी कामवाटपाची अडचण आहे. कायदा महसूल खात्याकडे, म्हणून त्याच्या दुरुस्तीची छाननी अर्थविषयक स्थायी समितीकडे. कारवाई करणारी यंत्रणा गृह खात्याकडे. व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्यायाकडे. रुग्णालये आणि एड्स नियंत्रण आरोग्याकडे. गर्द ओढणारा एकच माणूस चार समित्यांच्या कक्षेत विभागला गेला आहे. २०११ चे दुरुस्ती विधेयक याच वाटेने गेले : अर्थविषयक समितीकडे पाठवले, २०१२ मध्ये अहवाल, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये लोकसभेच्या त्या कार्यकाळातल्या शेवटच्या अधिवेशनात मंजुरी.

त्या दुरुस्तीने तरीही दोन चांगल्या गोष्टी केल्या. १९८५ नंतर परवान्यांच्या धसक्याने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले होते. १९९७ पर्यंत देशाचा वर्षाचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोपर्यंत घसरला. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण, ज्यांचा व्यसनाशी काडीचा संबंध नव्हता, ते या कलंकाची किंमत वेदनेने मोजत होते. २०१४ मध्ये ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वेगळा वर्ग करून देशभर एकच परवाना पद्धत आणली गेली. दुसरी गोष्ट लहान दिसते : उपचारांच्या जोडीला ‘व्यवस्थापन’ हा शब्द आला. हेरॉइनऐवजी जिभेखाली ठेवायच्या गोळीवर माणसाला स्थिर करण्याची पद्धत एड्स नियंत्रण कार्यक्रमात आधीच चालू होती. तिला या शब्दाने मूळ कायद्यात पाय ठेवायला जागा मिळाली.

मिश्रणाच्या वजनाचा वाद याच काळात चालू होता. पुडीत हेरॉइन थोडे आणि भेसळ जास्त असते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंश तेवढा मोजावा असे म्हटले. २००९ मध्ये सरकारने अधिसूचना काढून सगळे मिश्रण मोजायचे ठरवले आणि २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सरकारची बाजू मान्य केली. म्हणजे जितकी भेसळ जास्त तितकी शिक्षा वाढण्याची शक्यता. शुद्ध माल कोणाकडे असतो आणि भेसळीचा कोणाच्या खिशात, हे नाक्यावरचे पोरही सांगेल. २००१ मध्ये दिलेली सवलत एका अधिसूचनेने इतकी अरुंद झाली, आणि तो बदल विधेयक म्हणून सभागृहात आलाच नाही.

आरोग्याच्या बाजूने मात्र संसद वेगळी वाट चालत होती. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रपतींची सही झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले. त्याच महिन्यात एचआयव्हीचा कायदा झाला. त्यात जोखीम कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण आहे आणि उदाहरणादाखल, सुई टोचून नशा करणाऱ्याला निर्जंतुक सिरिंज देणारा कार्यकर्ता कायद्यातच दाखवला आहे. तो दोषी नाही, असे स्पष्ट लिहिले आहे.

२०२१ मध्ये विषय पुन्हा सभागृहात आला तो एका चुकीमुळे. २०१४ मध्ये नवी व्याख्या घालताना उपखंडांचे क्रमांक सरकले, पण तस्करीला पैसा पुरवणाऱ्यांच्या कलम २७-अ मधला संदर्भ जुनाच राहिला. सात वर्षे ते कलम चुकीच्या व्याख्येकडे बोट दाखवत होते. एका उच्च न्यायालयाने ते दाखवून दिल्यावर ३० सप्टेंबरला अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये २०१४ पासूनच्या पूर्वलक्षी अंमलासह विधेयक मंजूर झाले. मधल्या ऑक्टोबरात मुंबईतल्या एका क्रूझवरच्या कारवाईने सगळे चॅनेल व्यापले होते. त्याच महिन्यात, वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार, सामाजिक न्याय खात्याने स्वतःपुरते सेवन गुन्ह्याच्या कक्षेतून काढावे असे महसूल खात्याला सुचवले. डिसेंबरमधल्या विधेयकात कलम २७ ला हात लावलेला नव्हता. चर्चा पूर्वलक्षी अंमलाभोवती फिरली, ते योग्यच होते, पण व्यसनाधीन माणसाच्या वाट्याला त्यातून काही आले नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या अधीन झालेल्या ३८ जणांपैकी एकाला आणि बेकायदा पदार्थांच्या अधीन झालेल्या २० जणांपैकी एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचे दिसले. गुन्ह्यांच्या २०२२ च्या आकडेवारीत एनडीपीएसचे सर्वाधिक गुन्हे केरळमध्ये होते, २६ हजारांवर. त्याखालोखाल महाराष्ट्र, १३ हजारांवर, पंजाबच्याही वर. केरळ आणि महाराष्ट्राच्या आकड्यांत मोठा वाटा सेवनाच्या गुन्ह्यांचा आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये तरुणांमधल्या अमली पदार्थांच्या प्रश्नावर संसदीय स्थायी समितीचा अहवाल सादर झाला. ती समिती सामाजिक न्याय खात्याशी जोडलेली. कलम २७ बदलायचे तर विधेयक आणावे लागेल महसूल खात्याला, आणि ते तपासायला जाईल अर्थविषयक समितीकडे.