जिउल पेत्रोशान

रूमानियाच्या हुनेदोआरा जिल्ह्यातील पेत्रोशान या खाणनगरातील फुटबॉल क्लब. स्थापनावर्ष सामान्यतः 1919 मानतात. रूमानियन चषकाचा विजेता (1974) व उपविजेता (1972). 2007 मध्ये प्रथम श्रेणीतून पदावनती झाल्यापासून हा क्लब खालच्या श्रेणींत खेळत आला आहे. 2021 च्या जनगणनेनुसार नगराची लोकसंख्या सु. 31 हजार होती. मैदानाची प्रेक्षकक्षमता या लोकसंख्येच्या जवळजवळ निम्मी, म्हणजे सु. 15 हजार आहे.

नाव व परिसर : ‘जिउ’ हे नदीचे नाव. रूमानियन भाषेत निश्चयदर्शक उपपद नामाच्या शेवटी जोडले जाते, म्हणून ‘जिउल’ म्हणजे ‘ती जिउ नदी’. आद्य व्यंजनाचा उच्चार फ्रेंच ‘ज’प्रमाणे मृदू आहे. पेत्रोशान, लुपेन यांच्या लेखनात शेवटी ‘इ’ येतो, पण तो उच्चारात जवळजवळ लुप्त होतो. मराठीत रूढ होणारे ‘पेत्रोशानी’ हे रूप लेखनावरून आलेले आहे. पूर्व जिउ व पश्चिम जिउ या दोन प्रवाहांच्या खोऱ्यात पेत्रिला, पेत्रोशान, अनिनोआसा, वुल्कान, लुपेन आणि उरिकान ही दगडी कोळशाची गावे एकामागोमाग एक वसलेली आहेत. उत्तरेकडे सिमेरियाला जोडणारा लोहमार्ग 1870 मध्ये आला. दक्षिणेकडील घळईतून जाणारा बुंबेश्त–लिवेझेन मार्ग मात्र 1948 मध्ये खुला झाला. तोपर्यंत ओल्तेनिया प्रांतातील सामन्यासाठी संघाला रेल्वेने जायचे झाल्यास आधी उत्तरेला जाऊन मोठा वळसा घ्यावा लागे.

स्थापनेचा प्रश्न : 1918 च्या अखेरीपर्यंत हे खोरे हंगेरीच्या राज्यात होते, आणि ट्रान्सिल्व्हेनियात फुटबॉल रुजला तो मुख्यतः हंगेरियन क्लबांच्या द्वारे. त्यामुळे 1919 हे वर्ष येथे खेळ सुरू झाल्याचे वर्ष नव्हे. नव्या राज्यव्यवस्थेत संघाची मांडणी झाल्याचे ते वर्ष होय, असे समजणे अधिक सुरक्षित. शिवाय आजचे ‘जिउल’ हे नाव सलगपणे तेव्हापासूनचे नाही. नावाची सलगता हाच निकष लावला, तर क्लबचा इतिहास अनेक तुकड्यांत मोडतो. नगर, मैदान आणि पोशिंदी संस्था (येथे कोळसा उद्योग) यांची सलगता पाहिली, तर तो एकसंध दिसतो. प्रस्तुत नोंदीत दुसरा निकष स्वीकारला आहे.

या प्रश्नात आणखी एक गुंता आहे तो लुपेनचा. 1921–22 ते 1931–32 या काळात रूमानियाचे अजिंक्यपद साखळी पद्धतीने ठरत नसे. प्रत्येक विभागाचा विजेता ठरे आणि मग त्या विजेत्यांत बाद पद्धतीने सामने होत. 1927–28 च्या अंतिम सामन्यात ब्राशोवच्या कोल्त्सेआ संघाने ‘जिउल’चा 3–2 असा पराभव केला. हा ‘जिउल’ पेत्रोशानचा नव्हे. खोऱ्याच्या पश्चिम भागातील, सु. 18 किमी. दूर असलेल्या लुपेनचा होय. दोन्ही गावे एकाच खोऱ्यातली, दोन्ही संघ खाणकामगारांचे आणि नदीही तीच, त्यामुळे हे उपविजेतेपद पेत्रोशानच्या खात्यावर टाकण्याची चूक सहज होते. लुपेनचा क्लब पुढे ‘मिनेरुल’ या नावाने 1960 च्या आसपास काही हंगाम प्रथम श्रेणीत खेळला. या दोन संघांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात हे त्यावरूनही स्पष्ट व्हावे.

नामांतरे व हंगामगणना : 1947–48 च्या प्रथम श्रेणीच्या तक्त्यात ‘जिउल पेत्रोशान’ हे नाव आढळते. त्यानंतर सोव्हिएट नमुन्यानुसार क्रीडासंस्था कामगार संघटनांच्या शाखांना जोडल्या गेल्या. रेल्वेचे संघ ‘लोकोमोतिवा’, गृहखात्याचा ‘दिनामो’, तर इंधन व ऊर्जा क्षेत्राचे ‘फ्लाकारा’ (ज्योत) झाले. पेत्रोशानचा संघ 1950 च्या दशकात फ्लाकारा, मिनेरुल (खाणकामगार) आणि एनेर्जिया या नावांनी खेळला व दशकाच्या अखेरीस पुन्हा ‘जिउल’ झाला. याच काळात देशभर अनेक ‘फ्लाकारा’ आणि ‘मिनेरुल’ होते. तक्ता वाचताना गावाचे नाव पाहिल्याशिवाय संघ ओळखता येत नाही.

दुसरी अडचण हंगामाची. 1950 ते 1956 या वर्षांत अजिंक्यपद स्पर्धा वसंत ते शरद अशी एकाच वर्षात खेळली गेली; 1957–58 पासून शरद ते वसंत ही जुनी रीत परत आली. 1957 चा पूर्वार्ध या दोहोंच्या मधला असल्याने तो अजिंक्यपदाचा हंगाम म्हणून मोजत नाहीत. दोन वर्षांची वजाबाकी करून हंगाम मोजणाऱ्यांचा हिशेब येथेच चुकतो. जिउलचे प्रथम श्रेणीतील हंगाम चाळिशीच्या आसपास भरतात.

आर्थिक आधार : साम्यवादी राजवटीत खेळाडू कागदोपत्री हौशी असत. त्यांचे नाव खाणीच्या हजेरीपटावर असे व पगारही तेथूनच निघे. या व्यवस्थेमुळे लहान गावाच्या संघालाही मोठ्या शहरांच्या तोडीचे खेळाडू बाळगता येत, घर व नोकरीच्या आमिषाने बाहेरचे आणताही येत. पण खाण आणि संघ यांच्यात वेगळा खातेभेद उरत नसे, आणि पुढे हीच बाब अडचणीची ठरली.

1972–74 : 1972 च्या चषक अंतिम सामन्यात राजधानीच्या रापिद संघाने जिउलला 2–0 असे हरवले. दोन वर्षांनी जिउलने पोलितेहनिका तिमिश्वाराला 4–2 ने नमवून चषक जिंकला. पुढे राष्ट्रीय संघात चमकलेला मध्यरक्षक गेओर्गे मुल्त्सेस्कू हा या विजेत्या संघातला. त्याच वर्षी अजिंक्यपद प्रथमच क्रायोवाच्या उनिवेर्सितातेया संघाकडे गेले. क्रायोवाही जिउकाठचे असल्याने 1974 चे दोन्ही मान एकाच नदीच्या खोऱ्यात आले. चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत जिउलची गाठ स्कॉटलंडच्या डंडी युनायटेडशी पडली. बाहेरचा सामना 0–3 असा गमावल्यावर पेत्रोशानला 2–0 असा विजय मिळाला, तरी एकूण 2–3 ने संघ बाद झाला. घरी आणखी एक गोल झाला असता तर बरोबरी होऊन जादा वेळ खेळावा लागला असता. पहिल्या सामन्यातील तिसरा गोल निर्णायक ठरला तो याच अर्थाने. 1970 च्या विश्वचषकात दोन गोल करणारा आघाडीवीर फ्लोरेआ दुमित्राके दशकाच्या उत्तरार्धात काही हंगाम जिउलकडून खेळला.

1989 नंतर : राजवट बदलल्यावर खोऱ्यातील खाणकामगार संघटनेचा नेता मिरॉन कोझ्मा याचे वजन वाढले. 1991 च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली बुखारेस्टवर चालून गेलेल्या कामगारांमुळे पेत्रे रोमान यांचे सरकार पडले. या प्रकरणी कोझ्माला 1999 मध्ये 18 वर्षांची शिक्षा झाली. क्लबच्या अध्यक्षपदाशीही त्याचे नाव जोडले जाते. 1997 मध्ये भरपाई घेऊन नोकरी सोडण्याची सरकारी योजना आली आणि हजारो कामगार खाणींतून बाहेर पडले. हजेरीपट आटला तसा संघाचा आधारही गेला. 1998 मध्ये एका मध्यरक्षकाची बदली रिम्निकु विल्चाच्या क्लबकडे दोन टन मांसाच्या मोबदल्यात झाली, ही वृत्तपत्रांतून जगभर फिरलेली हकिकत याच काळातली. तिच्याकडे करारातील तपशील म्हणून पाहण्यापेक्षा रोकड टंचाईची खूण म्हणून पाहणे बरे.

क्रीडाविषयक 2000 च्या 69 व्या कायद्याने क्लबांना ना-नफा संस्था अथवा क्रीडा भागकंपनी असे रूप घेता आले. जिउल 2005 मध्ये पुन्हा वर चढला, 2005–06 व 2006–07 हे दोन हंगाम टिकला आणि उतरला. पुढील दशकात तो तिसऱ्या श्रेणीत आणि जिल्हास्तरीय चौथ्या श्रेणीतही खेळला.

चौथी श्रेणी प्रत्येक जिल्ह्याची फुटबॉल संघटना चालवते. देशात 41 जिल्हे व बुखारेस्ट मिळून 42 विजेते ठरतात, पण विजेतेपदाने थेट बढती मिळत नाही. दुसऱ्या जिल्ह्याच्या विजेत्याशी घरी व बाहेर असे दोन सामने खेळून जिंकावे लागते. वर्षभर दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर मोठ्या फरकाने विजय मिळवणारे जुने क्लब याच दोन सामन्यांत अडकतात, कारण तोवर त्यांची खरी कसोटी झालेली नसते. शिवाय हरल्यास पुन्हा पूर्ण हंगाम थांबावे लागते, आणि तेवढा काळ खेळाडू टिकवण्याचा खर्च नगरपालिकेच्या अनुदानावर पडतो. पेत्रिलाची खाण 2015 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. क्लबचे ‘मिनेरी’ (खाणकामगार) हे टोपणनाव मात्र कायम आहे.