माठातला बुळबुळीत थर आणि दातांमधली फट

माठ आठ-दहा दिवस घासला नाही, तर आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं. पाणी रोज बदललेलं असतं, माठ खळखळून विसळलेलाही असतो, पण तो थर जागचा हलत नाही. काथ्याने घासलं की मात्र निघतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो चिकटा जाणवतो, तो याच जातीचा. जिवाणू पृष्ठभागाला धरून बसतात आणि स्वतःभोवती चिकट गराचं घर बांधतात. याला बायोफिल्म म्हणतात. दातांवरच्या बायोफिल्मला दातांचे डॉक्टर प्लाक म्हणतात, आणि लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा कडक झाला की आपण म्हणतो, दातांवर किटण चढलं.

वॉटर फ्लॉसर, म्हणजे दातांच्या फटींत पाण्याची बारीक धार मारणारं यंत्र, घ्यायचा विचार असेल, तर आधी हा थर समजून घ्यावा. अडकलेला पोह्याचा दाणा निघतो की नाही, हा खरा प्रश्न नाही. तो चूळ भरूनही बऱ्याचदा निघतो.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक रोज सकाळी मिठाने दात घासायचा आणि दाढा काडीने कोरायचा. तरीही दातांच्या मधे पांढरा मळ साचलेला त्याला दिसला. 1683 साली त्याने तो स्वतः घडवलेल्या भिंगाखाली ठेवला, तेव्हा त्यात चपळाईने हलणारे असंख्य जीव होते. त्याने व्हिनेगरही वापरून पाहिलं. बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले तसेच राहिले. माउथवॉशची मर्यादा त्याच्या या निरीक्षणात दिसते. द्रव वरून वाहून जातो आणि गराच्या आत पुरेसा पोहोचत नाही. थर मोडायला घर्षण लागतं.

ब्रशचे केस दातांच्या दर्शनी बाजूला ते काम करतात, पण दोन दातांच्या फटीत शिरत नाहीत. हिरड्या सुजायला सुरुवात बहुधा तिथूनच होते. म्हणून दोन दातांच्या मधून फिरवायचा फ्लॉसचा धागा. धागा उत्तम, फक्त तो बोटांना गुंडाळता आला पाहिजे.

माझ्या आईला तो जमत नव्हता. तिच्या खालच्या दाढांना तीन दातांचा ब्रिज, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर बसवलेली जोडदातांची पट्टी, आहे. असा ब्रिज एकसंध असतो, त्यामुळे धागा वरून खाली जातच नाही, सुईसारख्या साधनाने तो खालून ओवावा लागतो. त्यात संधिवात. “बोटं ऐकत नाहीत गं,” म्हणून ती धागा ठेवून द्यायची. शेवटी वॉटर फ्लॉसर आणला. पहिल्या रात्री बेसिनवर वाकून, ओठ सैल मिटून तिने धार ब्रिजखाली धरली आणि दुपारच्या जेवणातला मेथीचा हिरवा तुकडा बाहेर आला. पहिले चार दिवस पाणी गुलाबी येत होतं, नंतर स्वच्छ. सुजलेली हिरडी सुरुवातीला अशी थोडी रक्ताळते. दोन आठवड्यांनंतरही रक्त येत राहिलं, तर मात्र यंत्र बाजूला ठेवून दातांच्या डॉक्टरांकडे जावं.

हे यंत्र जन्मलं अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये, 1962 साली. जेराल्ड मॉयर हे दंतवैद्य आणि जॉन मॅटिंगली हे जलशक्तीचे अभियंते. दोघांनी मिळून ठरवलं की धार अखंड नको, ठोक्याठोक्याने हवी. आजच्या चांगल्या यंत्रात मिनिटाला 1200 ते 1400 ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला वीसेक. याचं कारण मला फार सुंदर वाटतं. वाहतं पाणी पृष्ठभागाला लागून असतं तिथे जवळजवळ थांबलेलं असतं. नदीच्या तळाशी गोट्यावर शेवाळ टिकतं ते याचमुळे. पण पाणी आदळतं, मागे हटतं, पुन्हा आदळतं, तेव्हा थराला बाजूने ताण बसतो, हिरडी क्षणभर मोकळी होते आणि सुटलेला मळ पुढच्या ठोक्याबरोबर वाहून जातो.

याचा पुरावा किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. 2009 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात काढलेल्या दातांवर प्रयोग झाला. 70 पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला 70 पौंड, दाबाच्या धारेने तीन सेकंदांत, धार पडली त्या भागातला 99.9 टक्के थर निघाला. जाहिरातींमध्ये हाच आकडा असतो. पण ते दात तोंडात नव्हते, आणि अभ्यासात यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता. 2019 साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने दातांच्या फटी साफ करणाऱ्या साधनांच्या 35 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात ब्रशच्या जोडीला पाण्याची धार वापरणाऱ्यांच्या हिरड्यांची सूज एका महिन्याने थोडी कमी दिसली, तीन आणि सहा महिन्यांनी तो फरक टिकलेला दिसला नाही, आणि प्लाक कमी झाल्याचंही दिसलं नाही. पुरावाच कच्चा आहे, असंही त्यांनी नोंदवलं.

म्हणून माझं मत असं. दात एकमेकांना चिकटून असतील आणि बोटं चालत असतील, तर धागा पुरे. फटी मोकळ्या असतील, तर बाटली धुवायच्या ब्रशसारखे दिसणारे इवलेसे इंटरडेंटल ब्रश घ्यावेत. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांनी 2015 साली त्यांनाच पहिली पसंती दिली. दातांना तारा असतील, ब्रिज किंवा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात) असेल, हात थरथरत असतील, तर वॉटर फ्लॉसरवर खर्च जरूर करावा. दात घासणं काही त्याने सुटत नाही, आणि एकदा चढलेलं किटणही त्याने निघत नाही.

घ्यायचंच ठरलं, तर खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या पीएसआयच्या आकड्याला भुलू नका. मोटारीच्या टायरमध्ये हवा साधारण 30 ते 35 पीएसआय असते, त्यावरून अंदाज येईल. सुजलेल्या हिरडीवर धार हळू सुरू करावी लागते, म्हणून दाब किती कमी करता येतो हे विचारा. स्वस्त यंत्रांत बऱ्याचदा तीनच पायऱ्या असतात आणि पहिलीही जोराची लागते.

दुसरी गोष्ट टाकीची. हातात धरायच्या यंत्रात साधारण 200 मिली पाणी मावतं आणि ते पाऊण मिनिटात संपतं. अठ्ठावीस दातांच्या आतल्या-बाहेरच्या बाजू धरल्या तर छप्पन्न जागा, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सेकंदही येत नाही. मधे टाकी पुन्हा भरावी लागते. बेसिनशेजारी ठेवायच्या यंत्रात 600 मिलीच्या वर पाणी असतं, ते दीड मिनिट पुरतं. घरात प्लग जवळ असेल तर मी तेच घेईन. प्रवास असेल, तर लहान. मात्र त्यावर आयपीएक्स 7 लिहिलेलं असावं, म्हणजे ते पाण्यात पडलं तरी बिघडत नाही.

तोट्या सुट्या मिळतात का, हे दुकानातच विचारून घ्या, कारण तीन ते सहा महिन्यांनी तोटी बदलावी लागते. तारांसाठी बारीक केस असलेली तोटी वेगळी असते. हिरडीच्या खोल खाचांसाठीची मऊ रबरी तोटी डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय आणि सर्वांत कमी दाबाशिवाय वापरू नये. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा हृदयाला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

बोअरचं पाणी टाकीत घालू नका. त्यातल्या क्षारांनी पंप आणि तोटी चोंदते. गाळलेलं किंवा उकळलेलं पाणी घाला, ते कोमट असलं तर दातांनाही कमी झोंबतं. क्षार बसलेच, तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून यंत्र चालवावं आणि मग साध्या पाण्याने धुवावं. काम झाल्यावर उरलेलं पाणी ओतून द्या, नळीतलं निघून जाईपर्यंत यंत्र रिकामं चालवा आणि टाकी सुटी करून पालथी घाला. हात आत जाईल अशी रुंद तोंडाची टाकी निवडायची ती यासाठीच. चार दिवस पाणी तसंच राहिलं, तर आतून बोट फिरवल्यावर तेच बुळबुळीत हाताला लागतं.