पार्श्वभूमी : आधी झाड, मग श्वास

ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर, येऊरच्या चढाला लागण्याआधीच्या सावलीत, पारसिकच्या टेकडीवर आणि नवी मुंबईत नेरुळच्या खाडीकाठी गेल्या काही वर्षांत सकाळी वेगळेच गट दिसू लागले आहेत. ही माणसं चालत नाहीत, पळत नाहीत, हात वर करून हसतही नाहीत. झाडाखाली डोळे मिटून बसतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठतात. कुणी याला सजग श्वसन म्हणतं, कुणी वनस्नान, कुणी सरळ माइंडफुलनेस. नावं नवी असल्याने गोष्टही नवी आणि बाहेरून आलेली वाटते. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी इथूनच बाहेर गेली आणि नाव बदलून परत आली.

श्वासावर लक्ष ठेवण्याची पाली भाषेतल्या बौद्ध परंपरेतली सूचना सुरू होते तीच जागेपासून. साधकाने अरण्यात जावं, झाडाच्या बुंध्याशी जावं किंवा रिकाम्या जागी जावं, मांडी घालून ताठ बसावं, आणि मग श्वासाकडे वळावं. झाड ही त्यातली पहिली पायरी आहे, सजावट नव्हे. माझ्या मते या विषयावर बोलताना सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच ओळ. ज्या जंगलाच्या एका अंगाला येऊर आहे, त्याच्याच बोरिवलीकडच्या अंगाला कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास तिथे खोदकाम सुरू झालं आणि सुमारे हजार वर्षं भिक्षूंचा वावर राहिला. एकेकट्या भिक्षूची छोटी खोली, आत दगडी ओटा, बाहेर पावसाचं पाणी साठवणारं टाकं आणि समोर झाडी, अशी तिथली रचना. सूचनेतलं अरण्य आणि रिकामी जागा तिथे एकाच उंबऱ्याच्या दोन बाजूंना आहेत.

मराठीत हीच गोष्ट तेराव्या शतकात ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात येते. गीतेने ध्यानासाठी 'शुद्ध जागा' एवढंच म्हटलं होतं. ज्ञानेश्वरांनी त्या दोन शब्दांवर ओव्यांमागून ओव्या रचल्या. जागा अशी हवी की शृंगारात रमणाऱ्यालाही ती पाहताच राज्य सोडून इथेच निवांत राहावंसं वाटावं. पाण्यालगत हंस असावेत, दोन-चार सारस असावेत, एखाद्या वेळी कोकिळ येऊन बसला तरी चालेल. आणि अधूनमधून मोर येत-जात असतील, तर त्यालाही 'आम्ही नाही म्हणत नाही'. किती आवाज चालतील याचा इतका बारीक आणि इतका प्रेमळ विचार आहे हा! पक्षी सारखे गात राहिले तर मन तिकडे जाईल, आणि अगदीच नसले तर जागा निर्जीव होईल.

खरा गुंता आहे तो शब्दांचा. बागेत बसलेल्या दोघांना विचारलं तर एक म्हणेल प्राणायाम करतो, दुसरा म्हणेल आनापान, म्हणजे पाली सूचनेतलं ते श्वासावर लक्ष ठेवणं, करतो, आणि दोघांनाही वाटेल की आपण एकच काही करतोय. तसं नाही.

योगसूत्रातली प्राणायामाची व्याख्या 'श्वास-प्रश्वासांच्या गतीचा विच्छेद' अशी आहे, म्हणजे चाल तोडणं, थांबवणं. आसन स्थिर झाल्यावर करायची ही कृती आहे आणि कर्ता साधक आहे. आता हा शब्द प्राण आणि 'आयाम' यांचा की प्राण आणि 'यम' यांचा, यावर आजही वर्गावर्गांतून वाद रंगतो. एका पक्षाला प्राणाचा विस्तार हवा असतो, दुसऱ्याला निग्रह. व्याकरणाने पाहिलं तर संधी 'आयाम' अशीच सुटते, पण 'आयाम' हा शब्द मुळात 'यम्' या धातूला 'आ' लागूनच झालेला आहे. त्यामुळे ताणून लांब करणं आणि ताब्यात ठेवणं हे दोन्ही अर्थ त्यात पहिल्यापासून आहेत. वाद मिटायला एवढं पुरेसं आहे, तरी तो मिटत नाही. भर म्हणून, बागांमधून सर्वाधिक लोकप्रिय असलेली कपालभाती हठयोगाच्या जुन्या ग्रंथात प्राणायामात मोजलेलीच नाही. ती षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत येते. लोहाराच्या भात्यासारखा श्वास चालवून कफ काढणं हे तिचं काम. मन शांत करायला म्हणून ती करणारे थोडे घाईतच असतात, असं मला अनेक वर्षं वाटत आलं आहे.

आनापानाची भाषा निराळी. लांब श्वास आला तर 'लांब आला' हे जाणायचं, आखूड आला तर 'आखूड आला' हे जाणायचं. लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचाही नाही. इथे श्वास आपला आपण चालतो आणि साधक फक्त साक्षीला बसतो. मात्र इथेही एक गाठ आहे. पाली सूत्रात पहिल्या दोन पायऱ्यांना 'जाणतो' हे क्रियापद आहे आणि तिसऱ्या पायरीपासून ते बदलून 'शिकतो' होतं. सगळं शरीर अनुभवत श्वास घ्यायला शिकतो, शरीराची खळबळ शमवत श्वास घ्यायला शिकतो. शिकणं म्हणजे काही करणं आलंच, असं एक मत. जाणत राहिलं की शमणं आपोआप होतं, असं दुसरं. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिली बाजू निराधार नाही.

आणि आत कोणता, बाहेर कोणता? पालीत 'अस्सास' आणि 'पस्सास' अशी जोडी आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिल्या गेलेल्या प्रसिद्ध साधनाग्रंथात नोंद आहे की विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या, अट्ठकथेत (जुन्या टीकेत) अस्सास म्हणजे बाहेर जाणारा वारा, तर सुत्तांच्या, म्हणजे उपदेशांच्या, अट्ठकथांत बरोबर उलटं. बाहेर जाणारा वारा आधी का, याचं कारणही त्या ग्रंथात दिलं आहे : बाळ जन्मतं तेव्हा आधी आतला वारा बाहेर पडतो, मग बाहेरचा आत शिरतो. म्हणजे पहिला श्वास कोणता, हा प्रश्न दीड हजार वर्षांपूर्वीही उघडा होता. मराठी बोलीने आपल्यापुरतं उत्तर देऊन टाकलं आहे. सुटकेचा आपण 'निःश्वास' टाकतो. सुटका बाहेर जाणाऱ्या श्वासात आहे. शरीरशास्त्रही तेच दाखवतं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात, कारण सोडताना मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम हृदयावर घट्ट होतो. मिनिटाला साधारण सहा श्वास, इतकी संथ लय पडली की हा चढ-उतार ठळक होतो. २००१ साली एका ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की लॅटिन जपमाळ म्हणताना आणि योगमंत्र म्हणताना, दोन्ही वेळा श्वास आपोआप सहाच्या आसपास येतो. तिथे कुणी श्वास मोजत नव्हतं.

आधुनिक काळातला प्रवास इथून फार दूर नाही. १९२४ साली लोणावळ्यात प्राणायामाचं प्रयोगशाळेत मोजमाप सुरू झालं. १९६९ च्या जुलैत, ब्रह्मदेशातून आलेल्या भारतीय वंशाच्या एका उद्योजकाने मुंबईतल्या धर्मशाळेत आजारी आईसाठी म्हणून मोजक्या लोकांचं पहिलं विपश्यना शिबिर घेतलं. १९७६ मध्ये इगतपुरीला केंद्र उभं राहिलं, तेही डोंगराच्या कुशीत. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त आनापान. कसाऱ्याचा घाट चढून जाणाऱ्या ठाणे-कल्याणच्या कितीतरी माणसांनी 'श्वास फक्त पाहायचा' हे पहिल्यांदा तिथेच ऐकलं.

दुसरी वाट लांबून आली. 'सती', म्हणजे संस्कृतातली स्मृती, या पाली शब्दासाठी एका ब्रिटिश पंडिताने १८८१ साली 'माइंडफुलनेस' हा शब्द योजला. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, एका वैद्यकीय विद्यापीठात, जुनाट वेदना असलेल्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि शब्द जगभर गेला. तो आपल्याकडे परतला नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून, वातानुकूलित खोलीत. या फेरीत 'स्मृती' हा अर्थ गळाला आणि मराठीत 'सजगता' आली. अरण्य तर त्याआधीच गळालं होतं.

ते परत आलं जपानमधून. १९८२ साली तिथल्या सरकारी वनखात्याने 'शिनरिन-योकू' हा शब्द प्रचारात आणला. त्याचंच आपण वनस्नान केलं. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण होते फक्त ४६. तरी त्या खिडकीचा उल्लेख आजही होतो. मग २०२० आलं. श्वास हाच भीतीचा विषय झाला, ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला, आणि टाळेबंदी उठताच ठाणेकरांनी आधी येऊर गाठलं.

पण ज्या जागेकडे लोक शांततेसाठी धाव घेतात, ती जागाच वादात आहे. येऊर सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. उद्यानाभोवतीचं पर्यावरणसंवेदी क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झालं. तरी रात्रीचे हॉटेल-बंगल्यांतले आवाज आणि टर्फचे प्रखर दिवे यांविरुद्ध पाड्यांवरच्या आदिवासींना आणि पर्यावरणप्रेमींना वर्षानुवर्षं तक्रारी कराव्या लागल्या. खाडीच्या बाजूला, २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टरचं ठाणे खाडी रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य घोषित झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं. पण भरतीच्या वेळी रोहित ज्या नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात, त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, आणि तिथे पाणी येऊ द्यायचं की भराव घालायचा यावर भांडण झालं.

म्हणून बसणाऱ्या गटांपैकी काहींनी आता आपली वेळ बदलली आहे. रात्रीचा गोंगाट उतरल्यानंतर आणि वाहनं चढू लागण्याआधी येऊरच्या पायथ्याशी मोजका वेळ मिळतो. तेव्हा रातकिडे असतात, तांबट असतो, कधी मोरही ओरडतो.